बॅटरी भरली, वारा चालूच आहे : छोट्या पवनचक्कीवरचे पेपर कसे वाचावेत

पेट परीक्षा झाली की मुलाखतीची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, या विषयावर आधीच एवढे पेपर झालेत. मग गॅप शोधायची कुठे?" माझं उत्तर असतं की पेपरमध्ये जी वेळ कधी येतच नाही, तिथे शोधा. ऐकायला हे बरं वाटतं, पण नुसतं ऐकून कुणाला काही करता येत नाही. म्हणून आज एक विषय समोर ठेवून करूनच दाखवते. विषय माझाच आहे : छोट्या पवनचक्कीतून येणारी वीज बॅटरी चार्ज करण्यासाठी आटोक्यात कशी ठेवायची. आणि ज्या पेपरवर मी सगळ्यात जास्त टीका करणार आहे, तोही माझाच आहे.

आधी विषय समजून घ्या

दोन मीटर व्यासाची तीन पात्यांची पवनचक्की घ्या. पाती जेवढ्या वर्तुळात फिरतात त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस मीटर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, हे तुम्ही बी.ई.ला शिकला आहात. हवेची घनता १.२ धरली आणि पाती वाऱ्यातली ३० टक्के शक्ती पकडतात असं मानलं (बेट्झची मर्यादा ५९.३ टक्के आहे, पण छोट्या यंत्राला ३० टक्के ठीक), तर ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला १५ वॅट मिळतात, ५ ला ७१ वॅट आणि १० ला ५६५ वॅट. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट.

आता ही शक्ती २४ व्होल्टच्या बॅटरीत घालायची आहे. जनरेटर कायम चुंबकाचा, म्हणजे पाती जितकी जोरात फिरतील तितका व्होल्टेज जास्त. बॅटरी जोडलेली असली की ती हा व्होल्टेज धरून ठेवते, आणि वारा वाढला की करंट वाढतो. हा करंट पात्यांना ब्रेकसारखा लागतो. पवनचक्की ताब्यात राहते ती या ब्रेकमुळे.

मग बॅटरी पूर्ण भरली की काय करायचं? सोलर पॅनलचं सोपं आहे, वायर तोडून टाका. बारा व्होल्टचं साधं पॅनल काम करताना १७-१८ व्होल्टला असतं, आणि मोकळं सोडलं तर २१-२२ व्होल्टपर्यंत जातं. पाव पट वाढ. कुणाचं काही बिघडत नाही.

पवनचक्कीची वायर तोडली तर ब्रेकच निघून जातो. गणित स्वतः करून बघा. वर सांगितलेली चक्की ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला २०० आरपीएमवर २४ व्होल्ट देते असं धरा. वारा १० चा आहे आणि लोड काढून टाकला. पात्यांचं टोक आता वाऱ्याच्या दहापट वेगाने पळू शकतं, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. ते झाले साधारण ९५५ आरपीएम, आणि व्होल्टेज सुमारे ११५. चोवीस व्होल्टच्या यंत्रणेत ११५ व्होल्ट, तेही झोत न धरता.

म्हणून जुनी पद्धत अशी, की बॅटरी भरली तरी चक्की तोडायची नाही. बॅटरीला समांतर एक जाड रेझिस्टन्सची कॉईल लावायची, जिला डंप लोड म्हणतात. बॅटरी २८.८ व्होल्टला पोचली की कंट्रोलर जास्तीचा करंट या कॉईलकडे वळवतो. १.२ ओहमची कॉईल २८.८ व्होल्टला २४ अँपिअर घेते, म्हणजे ६९१ वॅट उष्णता. दिसायला हा अपव्यय. प्रत्यक्षात बॅटरी भरल्यावर ब्रेक टिकवून ठेवण्याचं काम ही कॉईल करते.

एवढं पुरे. आता पेपरकडे येऊ.

नेहमीचा पेपर

या विषयावरचा नेहमीचा पेपर कसा असतो ते सांगते. तुम्ही दहा वाचलेत की अकरावा न वाचता सांगू शकाल. प्रस्तावनेत ऊर्जेची वाढती मागणी. मग पर्मनंट मॅग्नेट जनरेटर, डायोड ब्रिज, एक डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरी अशी आकृती. मग एमपीपीटी, म्हणजे प्रत्येक वाऱ्याला जास्तीत जास्त शक्ती खेचणारा अल्गोरिदम. तो कधी 'थोडं हलवून बघा' पद्धतीचा, कधी फझी, कधी न्यूरल नेटवर्कचा. मग सिम्युलेशन : वारा ६, मग ८, मग १०, दर दोन सेकंदांनी पायरीसारखा चढतो. शेवटी एक तक्ता, ज्यात लेखकांचा अल्गोरिदम बाकीच्यांपेक्षा एक-दोन टक्क्यांनी सरस. आणि अगदी शेवटी 'पुढील संशोधनास वाव' मध्ये एक ओळ : प्रत्यक्ष हार्डवेअरवर चाचणी.

माझा पहिला कॉन्फरन्स पेपर शब्दशः असाच होता. तो स्वीकारला गेला, मी प्रेझेंटेशन दिलं, टाळ्या मिळाल्या. 'पुढील संशोधनास वाव' ही ओळ मी जरा जास्तच मनावर घेतली, एवढाच फरक.

त्या रात्री काय झालं

सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर एक निवासी शाळा आहे. नाव सांगत नाही. तिथे दोन मीटरची चक्की, थोडे सोलर पॅनल आणि २४ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी होती. पावसाळ्यात तिथे ऊन नसतं, पण वारा रात्रंदिवस असतो, त्यामुळे चक्कीची खरी गरज तेव्हाच. मी माझं सर्किट घेऊन जुलैमध्ये गेले. बॅटरीच्या खोलीत भिंतीवर जाळीच्या पेटीत डंप लोडची कॉईल होती. मी म्हटलं, ही काढून टाकू, एमपीपीटी आल्यावर वीज जाळायची गरजच नाही. बॅटरी भरली की माझं सर्किट आपोआप बंद होणार होतं.

शाळेतले शिपाई मामा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ती कॉईल राहू द्या की. पावसाळ्यात पोरं तिच्या बाजूला दोरी बांधून मोजे वाळवतात."

मला हसू आलं. मी ते मोजे डोक्यात ठेवले, पण त्या वाक्यात दडलेली माहिती ठेवली नाही. मोजे वाळतात याचा अर्थ ती कॉईल पावसाळ्यात तासन्‌तास गरम असते. म्हणजे पावसाळ्यात बॅटरी तासन्‌तास भरलेली असते. माझ्या पेपरमध्ये ही अवस्था एक सेकंदसुद्धा नव्हती. मी बॅटरी ५० टक्के चार्जवर सुरू केली होती आणि सिम्युलेशन सहा सेकंदांचं होतं.

सिम्युलेशनमध्ये कन्व्हर्टरच्या इनपुटचा व्होल्टेज ६५ च्या वर गेला नव्हता. म्हणून मी १०० व्होल्टचे मॉस्फेट वापरले आणि भरपूर मार्जिन ठेवलं म्हणून खूश होते. वरचं दोन ओळींचं गणित, ११५ व्होल्टचं, मी केलंच नव्हतं.

रात्री दहाला वसतिगृहातले दिवे बंद झाले. मध्यरात्रीच्या आधी बॅटरी भरली आणि सर्किटने ठरल्याप्रमाणे स्वतःला बंद केलं. चक्कीचा आवाज बदलला, घोंघावल्यासारखा झाला. मग खोलीतून एक 'फट्' आवाज. मॉस्फेट गेला, आणि बहुतेक वेळा जातो तसा शॉर्ट होऊन गेला. आता चक्की आणि बॅटरी सरळ जोडली गेली, मध्ये काहीच नियंत्रण नाही आणि डंप लोडही नाही. भरलेल्या बॅटरीत करंट जात राहिला. पाण्याला बुडबुडे, आम्लाचा वास, म्हणजेच हायड्रोजन. ती खोली मुलांच्या झोपायच्या खोलीला लागून होती.

मामा उठले, खिडक्या-दारं उघडली, आणि कुठलंही बटण लगेच न दाबता बाहेर उभे राहिले. वारा जरा पडल्यावर त्यांनी खांबाजवळचा ब्रेकचा स्विच टाकला, जो जनरेटरच्या तिन्ही वायरी एकमेकांना जोडतो. चक्की हळू झाली. मी नंतर विचारलं, थांबलात का? ते म्हणाले, "जोराच्या वाऱ्यात टाकला तर थांबत नाही, नुसती आतून तापते. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं."

कुणाला काही झालं नाही. कॉईल दुसऱ्या दिवशी परत लावली.

माझ्या पेपरवर तीन तक्रारी

हा किस्सा मी पश्चात्ताप सांगायला लिहिलेला नाही. त्या रात्रीनंतर मी माझा पेपर परक्याचा म्हणून पुन्हा वाचला, आणि त्यातल्या तीन चुका अशा निघाल्या ज्या बाकीच्या पेपरमध्येही सतत दिसतात.

पहिली : बॅटरीला तळ नसलेली विहीर मानलंय. कितीही ओता, भरतच नाही. त्यामुळे 'आउटपुट नियंत्रण' हे शब्द शीर्षकात असूनही पेपर फक्त शक्ती वाढवण्याबद्दल बोलतो, अडवण्याबद्दल नाही. खरं तर वापरणाऱ्याला दोन्ही लागतं, आणि धोका दुसऱ्यात आहे.

दुसरी : वाऱ्याच्या पायऱ्या. याची तपासणी तुम्ही कागदावर करू शकता. दोन मीटरच्या चक्कीचं जडत्व १ किलोग्रॅम-चौरस मीटर धरा. ६ च्या वाऱ्याला योग्य वेग साधारण ३६ रेडियन प्रति सेकंद, १० च्या वाऱ्याला ६०. एका वेगावरून दुसऱ्यावर जायला फिरत्या भागात ११५२ जूल ऊर्जा घालावी लागते. १० च्या वाऱ्यात पात्यांना फार तर ५६५ वॅट मिळतात. म्हणजे बॅटरीला एक वॅटसुद्धा न देता सगळी शक्ती वेग वाढवायला वापरली तरी दोन सेकंदांहून जास्त लागतात. आणि माझ्या आलेखात ०.१ सेकंदात सगळं स्थिर! मी जडत्व किती घेतलं होतं ते शोधलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या मॉडेलमधून जसंच्या तसं उचललेलं, खऱ्या आकड्याच्या शंभराव्या भागाइतकं. अल्गोरिदम हुशार नव्हता, चक्की कागदाची होती.

यात आणखी एक गोष्ट आहे. 'थोडं हलवून बघा' पद्धत सोलरवरून आली. शक्ती वाढली तर त्याच दिशेने जा, कमी झाली तर उलट. वाऱ्यात मात्र शक्ती वाढली ती तुमच्या हलवण्यामुळे की झोत आल्यामुळे, हे त्या अल्गोरिदमला कळायला मार्ग नाही. पायरीच्या वाऱ्यात ही अडचण झाकली जाते, कारण दोन पायऱ्यांमध्ये वारा बिलकुल हलत नाही.

तिसरी तक्रार तुलनेची. मी माझा अल्गोरिदम दुसऱ्या अल्गोरिदमशी ताडून बघितला. शाळेत मात्र पर्याय होता 'काहीच नको, चक्की सरळ बॅटरीला जोडा आणि डंप लोड लावा' हा. त्याच्याशी तुलना केलीच नाही. सरळ जोडलेल्या चक्कीत बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते, त्यामुळे वारा वाढला तरी पाती हवी तेवढी जोरात फिरू शकत नाहीत आणि कमी शक्ती पकडतात. इथे एमपीपीटीचा फायदा खरा आहे. पण तो सगळ्यात जास्त होतो जोराच्या वाऱ्यात, आणि जोराचा वारा तासन्‌तास असला की बॅटरी आधीच भरलेली असते. म्हणजे मी मिळवून दिलेल्या जादा वॅटचा मोठा भाग शेवटी कॉईलमध्येच जाणार होता. मोजे थोडे लवकर वाळले असते.

अन्याय नको म्हणून हेही सांगते. चक्की ग्रिडला जोडलेली असेल तर गोष्ट वेगळी. ग्रिड कधी भरत नाही, म्हणून तिथे एमपीपीटीचा प्रत्येक टक्का मोलाचा. अर्थात लोडशेडिंग झालं की ग्रिड-इन्व्हर्टर बंद होतो आणि आपण पुन्हा त्याच प्रश्नावर येतो.

एक पुस्तक, जे आपल्या यादीत नसतं

त्या रात्रीनंतर गाइडनी मला एक पुस्तक वाचायला सांगितलं, ह्यू पिगॉट यांचं 'अ विंड टर्बाइन रेसिपी बुक'. पिगॉट स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्कोरेग या द्वीपकल्पावर राहतात, ग्रिडपासून दूर. १.२ ते ४.२ मीटर व्यासाच्या चक्क्या घरी कशा बनवायच्या याचं हे पुस्तक : लाकडी पाती कशी तासायची, कॉईल कशा गुंडाळायच्या, १२, २४ किंवा ४८ व्होल्टसाठी किती वेढे. या आराखड्यावर जगभर चक्क्या बनल्या आहेत, आपल्याकडे ऑरोव्हिलमध्येही.

संशोधक म्हणून नाक मुरडावं असं हे पुस्तक दिसतं. पण माझ्या पेपरमध्ये जे नव्हतं ते इथे पायाशी आहे : चक्की कायम लोडवर हवी, नाहीतर शॉर्ट केलेली हवी. वारा फार वाढला की शेपटी दुमडून चक्की स्वतः वाऱ्यापासून तोंड फिरवते, ही रचना यंत्राच्या बांधणीतच आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. आणि एक गोष्ट वाचून मी थबकले. जनरेटर जास्त कार्यक्षम असेल तर तो पात्यांना जखडून ठेवतो, म्हणून लांब केबलमधला थोडा ऱ्हास काही वेळा एकूण उत्पादनाला मदतच करतो. प्रत्येक भागाची कार्यक्षमता वेगवेगळी वाढवली की एकूण वाढते, या माझ्या समजुतीला त्या एका मुद्द्याने तडा गेला.

पण हेही पुस्तक डोळे झाकून मानू नका. आकडे अनुभवातून आलेत, तक्ते वापरून बघितलेले आहेत, पण ते कसे काढले हे नेहमी दिसत नाही. चुकीचा अंदाज किती असू शकतो हे कळत नाही. चक्की बनवणाऱ्याला त्याची गरज नाही, आपल्याला आहे. बांधणीवर पानंच्या पानं आहेत, नियंत्रणावर त्यामानाने थोडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यातली बॅटरी लेड-अ‍ॅसिड आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जास्त चार्ज झाली तर सोसते, बुडबुडे सोडते, वास येतो, पण जोडलेली राहते.

लिथियम बॅटरी तसं करत नाही. आता नवीन ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट बसवतात. २४ व्होल्टच्या संचात आठ सेल असतात आणि प्रत्येकाची मर्यादा ३.६५ व्होल्ट. एका सेलने जरी मर्यादा ओलांडली तरी बीएमएस पूर्ण बॅटरी तोडून टाकतो. समजा सात सेल ३.४५ वर आहेत आणि एक बिघडलेला ३.७० वर. एकूण व्होल्टेज २७.८५. डंप लोडचा कंट्रोलर २८.८ ची वाट बघत शांत बसलेला, आणि बीएमएसने बॅटरी काढून घेतली. ब्रेक क्षणात गेला. शाळेतल्या त्या रात्रीची ही नवी आवृत्ती आहे, आणि इथे सर्किटमध्ये कुणाची चूकही नाही. बीएमएसने बॅटरी वाचवली, कंट्रोलरने दिलेलं काम केलं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत एवढंच.

मला माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथे मिळालं. डंप लोड बॅटरीच्या बाजूला न ठेवता चक्कीच्या बाजूला ठेवायचा, आणि बॅटरी असो वा नसो, चक्कीचा स्वतःचा व्होल्टेज बघून तो चालू करायचा. कल्पना अगदी साधी आहे. तिची किंमत किती, कमी वाऱ्यात तोटा किती, झोतात पुरेशी चपळ आहे का, हे मोजणं हे काम.

तुमच्यासाठी

कुठलाही विषय असो, पेपर हातात घेतला की हे चार प्रश्न समासात लिहून काढा.

१. हे यंत्र कुठल्या अवस्थेत सगळ्यात जास्त वेळ असणार, आणि ती अवस्था आलेखात आहे का?
२. लोड अचानक गेला, वायर सुटली, दिवे गेले, तर पुढच्या दहा सेकंदांत काय होईल?
३. मॉडेलमधला प्रत्येक आकडा कुठून आला? कागद-पेन्सिलीने तपासला तर जुळतो का?
४. तुलना कुणाशी केली आहे : दुसऱ्या पेपरशी, की वापरणाऱ्याकडे आज जे आहे त्याच्याशी?

या चारपैकी एकाचंही उत्तर पेपरमध्ये सापडलं नाही, तर पेपर टाकाऊ आहे असं समजू नका. ती जागा तुमची आहे असं समजा. मुलाखतीत "लिटरेचरमध्ये काय गॅप दिसली?" असं विचारलं की "हार्डवेअरवर कुणी केलं नाही" हे उत्तर देऊ नका, ते सगळेच देतात. "बॅटरी भरल्यावर काय होतं हे कुणी दाखवलेलं नाही, आणि माझ्या गणितानुसार तिथे ११५ व्होल्ट येतात" असं सांगून बघा. समोरचे परीक्षक पुढे सरकून बसतील.

आणि फिल्डवर गेलात, तर तिथे रोज यंत्रापाशी असणाऱ्या माणसाशी आधी बोला. कॉईल काढायच्या आधी.